मांत्रिकाचे वलय नाकारणारा गोमंतकीय

सातारा-सांगलीहून गोव्याच्या सहलीला गेलेली मंडळी पणजीत जुन्या सचिवालयाजवळील एका पुतळ्यापाशी हमखास थबकतात. पायघोळ झग्यातील धर्मगुरू, त्याचे पुढे पसरलेले हात आणि समोर कलंडलेली स्त्री. हा कोणी मांत्रिक असावा, असे पाहणाऱ्याला वाटते. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांची ही १९४५ मधील कलाकृती आबे फारिया यांची आहे. आणि त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली, ती संमोहनाभोवतीचे मांत्रिकाचे वलय पुसण्यासाठीच.

जुझे कुस्तोदियो द फारिया यांचा जन्म ३१ मे १७५६ रोजी बार्देश तालुक्यातील कांदोळी येथे झाला. आईवडील विभक्त झाले. आईने मठाची वाट धरली, तर वडील धर्मगुरू झाले. १७७१ मध्ये फारिया वडिलांसमवेत लिस्बनला पोहोचले. पुढे रोममध्ये शिक्षण घेऊन १७८० मध्ये तेही धर्मगुरू झाले. १७८८ मध्ये त्यांनी पॅरिस गाठले आणि फ्रेंच राज्यक्रांतीचा वणवा जवळून पाहिला.

त्या काळी युरोपात मेस्मर यांच्या मताचा बोलबाला होता. उपचारकाच्या देहातून एक चुंबकीय द्रव वाहतो आणि त्याने रुग्ण बरा होतो, असे हे मत. १८१३ पासून पॅरिसमध्ये दिलेल्या जाहीर व्याख्यानांत फारिया यांनी ते खोडून काढले. ते समोरच्या व्यक्तीला आरामात बसवून, मन एकाग्र करावयास लावून निद्रेची आज्ञा देत. मात्र ही निद्रा आज्ञा देणाऱ्याच्या शक्तीने येत नाही. ती निद्रिस्ताच्याच मनातून उपजते, हे त्यांचे प्रतिपादन होते. केवळ प्रवचनावर न थांबता ते श्रोत्यांसमोर प्रयोग करून दाखवीत.

स्वतःकडे कोणतीही सिद्धी नाही असे सांगणाऱ्या या माणसाला लोकांनी मात्र भोंदू ठरविले. एका नटाने निद्रेचे सोंग घेऊन त्यांची फजिती केली; १८१६ मध्ये रंगभूमीवरही त्यांची टिंगल झाली. २० सप्टेंबर १८१९ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा ग्रंथ त्याच वर्षीचा.

पुढे फ्रान्समधील नान्सी येथील चिकित्सकांनी सूचनेचे हेच तत्त्व उपचारांचा पाया मानले. पोर्तुगीज मज्जातंतुतज्ज्ञ एगास मोनिझ यांनी १९२५ मध्ये फारिया यांच्यावर ग्रंथ लिहून त्यांचे श्रेय त्यांना दिले. मनोपचार शिकणाऱ्याने आजही पहिला धडा हाच गिरवावा: बरे होण्याचे सामर्थ्य रुग्णाचे असते, उपचारक केवळ ते जागे करतो.