बिली दि किड

पुंडांच्या कथा मुलांस प्रिय असतात हें आम्ही जाणतों. घोडा, पिस्तूल, उघडें माळरान आणि पाठीवर सरकारची शिबंदी, एवढें साहित्य जमलें कीं कथा आपोआप धांवूं लागते. अमेरिकेंतील बिली दि किड याच्या चरित्राचें असेंच झालें. कादंबऱ्यांनीं व चित्रपटांनीं त्याला इतकें रंगविलें कीं, २१ वर्षांच्या आयुष्यांत त्यानें वर्षास एक याप्रमाणें २१ माणसें मारिलीं असें लोक सांगूं लागले. हा हिशेब खोटा आहे. त्याच्या एकट्याच्या हातून मेलेलीं म्हणून निश्चित ठाऊक असलेलीं माणसें ४. आणखी कांहीं खुनांत तो अनेकांपैकीं एक होता. चार हा आंकडा वाचून कोणास निराशा वाटली, तर ती हानि चित्रपटांनीं केलेली आहे असें आम्ही समजतों.

त्याचें मूळ नांव हेन्री मॅकार्टी. जन्म सन १८५९ च्या सुमाराचा. त्याची आई कॅथरिन ही आयरिश वंशाची, दोन मुलांना घेऊन संसार ओढणारी कष्टाळू बाई होती. तिला क्षयाची बाधा होती. ता. १ मार्च १८७३ रोजीं न्यू मेक्सिको प्रांतांतील सांता फे येथील प्रेस्बिटेरियन मंदिरांत तिनें विल्यम अँट्रिम याच्याशीं विवाह केला. त्या विवाहाच्या साक्षीदारांत तिच्या दोन्ही मुलांचीं नांवें आहेत. पुढें हें कुटुंब सिल्व्हर सिटी ह्या खाणींच्या गांवीं राहावयास गेलें. हेन्री तेथील शाळेंत जात असे, आणि तो इतर मुलांहून वाईट नव्हता असेंच त्याला ओळखणारांनीं मागाहून सांगितलें आहे. त्याचें अक्षर चांगलें होतें. त्यानें लिहिलेलीं कांहीं पत्रें आजही जपून ठेविलेलीं आहेत.

१६ सप्टेंबर १८७४ रोजीं आई वारली. सावत्र बापाचें लक्ष खाणींकडे. मुलें परक्यांच्या घरीं राहूं लागलीं. सुमारें वर्षभरानें एका उनाड सोबत्यानें एका चिनी धोब्याच्या दुकानांतून चोरलेले कपडे लपविल्याबद्दल हेन्री पकडला गेला. शेरीफानें, बहुधा धाक बसावा म्हणून, त्याला कोंडून ठेविलें. हा सडपातळ मुलगा धुराड्यांतून वर चढून पळाला, तो ॲरिझोनांत गेला. तेथें त्यानें घोडे चोरण्याची विद्या संपादन केली. ऑगस्ट १८७७ मध्यें केहिल नांवाच्या एका दांडग्या लोहारानें त्याला खालीं पाडून छळलें असतां त्यानें पिस्तूल झाडलें, व केहिल दुसऱ्या दिवशीं मेला. त्या वेळीं ह्या मुलास अजून मिसरूडही धड फुटलें नसावें. विल्यम बॉनी असें नांव घेऊन तो न्यू मेक्सिकोंत परत आला. त्याच्या कोवळ्या वयावरून लोक त्याला ‘किड’, म्हणजे पोर, म्हणूं लागले.

आतां ज्या लिंकन परगण्यांत तो आला त्याची स्थिति सांगितली पाहिजे. कारण तेथें कुंपणच शेत खात होतें. आग्नेय न्यू मेक्सिकोचा हा अफाट मुलुख, निम्मा वाळवंट व निम्मा गुरांचा माळ. लिंकन गांवास रस्ता एकच, आणि त्या रस्त्यावर मर्फी व डोलन यांचें मोठें दुकान. त्यालाच लोक ‘हाउस’ म्हणत. स्टॅन्टन किल्ल्यावरील फौजेला आणि राखीव मुलुखांत डांबलेल्या मेस्कालेरो अपाची लोकांना सरकारी खर्चानें मांस व पीठ पुरविण्याचा मक्ता ह्या मंडळींच्या हातांत होता, व त्या व्यवहारांत लबाडी मुरलेली होती. शेतकरी त्यांच्या उधारींत बुडालेले. मुंबईमुळें शेरीफ हें नांव आमच्या वाचकांस मानाच्या पदाचें म्हणून ठाऊक असेल; तेथें मात्र शेरीफ म्हणजे परगण्याचा फौजदार, आणि लिंकनचा शेरीफ ब्रॅडी हा ‘हाउस’च्या बाजूचा होता.

जॉन टन्स्टॉल हा लंडनचा २४ वर्षांचा तरुण आणि मॅक्स्वीन नांवाचा वकील यांनीं समोर दुसरें दुकान थाटलें. टन्स्टॉलनें बिलीस आपल्या गुरांवर चाकरीस ठेविलें. ता. १८ फेब्रुवारी १८७८ रोजीं शेरीफानें पाठविलेल्या शिबंदींतील लोकांनीं टन्स्टॉलला वाटेंत गांठून ठार केलें. कायद्याच्या कागदानें झालेला हा खून होता.

दुसऱ्याच दिवशीं डॉक्टर टेलर ईली हे प्रेस्बिटेरियन वैद्यकीय मिशनरी आपली पत्नी, दोन लहान मुली व एक शिक्षिका यांसह लिंकनमध्यें येऊन पोंचले. मंदिर बांधावें, शाळा काढावी ह्या हेतूनें ते आले होते. पहिलें काम आलें तें टन्स्टॉलच्या अंत्यविधीचें. त्यांनीं शाळा काढिलीही. परंतु ज्या गांवांत मुलें पाटी घेऊन जातात त्याच रस्त्यावर बंदुकी झडत, तेथें ती किती दिवस टिकणार? जुलै महिन्यांत सैनिकांच्या सोबतीनें ह्या कुटुंबास जीव वांचवून निघावें लागलें. ईली पुढें झूनी लोकांत कार्य करावयास गेले. लिंकनच्या युद्धाच्या कथांत ह्या शाळेचें नांव क्वचितच येतें, म्हणून आम्ही तें येथें मुद्दाम घातलें.

टन्स्टॉलच्या माणसांनीं ‘रेग्युलेटर’ हें नांव धारण केलें. गांवच्या न्यायाधिकाऱ्याकडून त्यांनींही वॉरंटें मिळविलीं, म्हणजे आतां दोन्ही टोळ्या कायद्याच्या नांवानें फिरूं लागल्या. टन्स्टॉलच्या मारेकऱ्यांपैकीं दोघांस जीवदानाचें वचन देऊन पकडण्यांत आलें व मार्गांतच मारण्यांत आलें. ता. १ एप्रिल रोजीं बिली व त्याचे सोबती एका भिंतीआड दबा धरून बसले, आणि रस्त्यानें चाललेल्या शेरीफ ब्रॅडीस व त्याच्या एका दुय्यमास त्यांनीं गोळ्या घातल्या. टन्स्टॉल भला होता. त्याचा सूड मात्र त्याच्या मारेकऱ्यांच्याच रीतीनें घेतला गेला. जुलैंत पांच दिवस लढाई झाली. फौजेचा कर्नल डडली तोफा घेऊन आला व मॅक्स्वीनचें घर जळतांना पाहात राहिला. मॅक्स्वीन मेला, बिली अंधारांत निसटला.

ही अंदाधुंदी निस्तरण्यासाठीं ल्यू वॉलेस ह्या सेनानीची गव्हर्नर म्हणून नेमणूक झाली. त्यानें सर्वसाधारण माफी जाहीर केली. परंतु ज्यांच्यावर आरोपपत्र झालें होतें त्यांस ती लागू नव्हती, आणि ब्रॅडीच्या खुनाचें आरोपपत्र बिलीवर होतें. पुढें १८ फेब्रुवारी १८७९ रोजीं दोन्ही पक्षांनीं समेट केला व त्याच रात्रीं चॅपमन नांवाच्या निःशस्त्र वकिलास भर रस्त्यांत गोळी घालण्यांत आली. बिलीनें हें पाहिलें होतें. ता. १७ मार्चच्या रात्रीं लिंकनमधील एका घरीं गव्हर्नर आणि हा पुंड समोरासमोर बसले. साक्ष द्यावी, नांवापुरती अटक करून घ्यावी, मग माफी मिळेल, असें ठरलें. बिली आपल्या शब्दाप्रमाणें हजर झाला व त्यानें साक्ष दिली. सरकारी वकील ‘हाउस’चा मित्र, तो खटला सोडीना. वॉलेस सांता फेस परतला. माफी आली नाहीं. जूनमध्यें बिली कैदेंतून निघून गेला.

वॉलेस त्या काळांत सांता फेच्या जुन्या राजवाड्यांत बसून एक कादंबरी पूर्ण करीत होता. तिचें नांव ‘बेन-हर’. सूडानें पेटलेला तरुण ख्रिस्ताच्या दर्शनानें क्षमेकडे कसा वळतो ह्याची ती कथा १२ नोव्हेंबर १८८० रोजीं प्रसिद्ध झाली व जगभर वाचली गेली. पुढच्याच महिन्यांत त्याच लेखणीनें बिलीस पकडून देणारास ५०० डॉलरांचें बक्षीस जाहीर केलें. वॉलेस लांचखाऊ नव्हता, क्रूरही नव्हता. एका पोराला दिलेला शब्द त्याला मोठ्या कामांच्या गर्दींत फारसा महत्त्वाचा वाटला नसावा.

तथापि बिलीची बाजू घेणें आम्हांस शक्य नाहीं. टन्स्टॉलच्या नांवानें उचललेली बंदूक आतां कोणाच्याच नांवाची राहिली नव्हती. तो ज्याची सांपडतील त्याचीं गुरें पळवी. जानेवारी १८८० मध्यें फोर्ट समनरच्या एका दारूच्या गुत्त्यांत त्यानें ग्रँट नांवाच्या मनुष्यास मारिलें. डिसेंबरांत नवा शेरीफ पॅट गॅरेट यानें त्याचे दोन सोबती ठार करून त्याला धरिलें. तुरुंगांतून बिलीनें गव्हर्नरास वचनाची आठवण देणारीं पत्रें धाडिलीं. उत्तर आलें नाहीं. एप्रिल १८८१ मध्यें मेसिया येथें ब्रॅडीच्या खुनाबद्दल त्याला फांशीची शिक्षा झाली. त्या युद्धांत दोन्ही बाजूंनीं इतके खून पडले, पण शिक्षा ठोठावली गेली ती ह्या एकालाच.

लिंकनमध्यें त्याला ठेविलें तें मर्फी-डोलनच्या जुन्या दुकानाच्या माडीवर. ती इमारत आतां कचेरी झाली होती. पहाऱ्यावर दोघे: बेल आणि ऑलिंजर. ऑलिंजर त्याला डिवची. बेल माणुसकीनें वागे. ता. २८ एप्रिल रोजीं ऑलिंजर रस्त्यापलीकडे जेवणास गेला असतां बिलीनें बेलला जिन्यावर गोळी घातली. आवाज ऐकून ऑलिंजर धांवत आला, तों खिडकींतून त्याच्याच दुनळी बंदुकीनें त्याला टिपिलें. ऑलिंजरला मारण्यांत राग होता असें म्हणतां येईल. बेलला मारण्यांत तोही नव्हता. तो फक्त वाटेंत उभा होता.

पळून मेक्सिकोंत जाणें सोपें होतें. बिली फोर्ट समनरलाच परतला. ता. १४ जुलै १८८१ च्या रात्रीं पीट मॅक्सवेलच्या काळोख्या खोलींत तो शिरला, आणि आंत बसलेल्या गॅरेटनें आवाज ओळखून त्यास ठार केलें. पुढच्या वर्षीं गॅरेटच्या नांवानें त्याचें चरित्र निघालें. कल्पित गोष्टींचा सुकाळ तेथूनच झाला. वॉलेस तोंवर तुर्कस्थानांत अमेरिकेचा वकील होऊन गेला होता.

त्या माफीचा प्रश्न पुढें १२९ वर्षांनीं पुन्हा निघाला. न्यू मेक्सिकोचे गव्हर्नर बिल रिचर्डसन यांनीं कागदपत्रें पाहून ता. ३१ डिसेंबर २०१० रोजीं माफी देण्याचें नाकारलें. वॉलेसनें शब्द कां पाळला नाहीं हें त्यांस उलगडलें नाहीं. फोर्ट समनरच्या स्मशानांत बिली आपल्या दोन सोबत्यांशेजारीं पुरलेला आहे. त्याच्या थडग्याचा दगड चोरांनीं दोनदां पळविला, म्हणून तें थडगें आतां लोखंडी पिंजऱ्यांत बंद करून ठेविलें आहे.