अंगणातली शाळा

आज गावोगावी अंगणवाडी असते. तीन ते सहा वर्षांची मुले तिथे गाणी म्हणतात, चित्रे पाहतात, गोष्टी ऐकतात. तुमचे धाकटे भाऊबहीणही तिथे जात असतील. ही अंगणवाडी ज्यांच्या विचारातून जन्माला आली, त्या थोर शिक्षिकेचे नाव ताराबाई मोडक. त्यांच्या आयुष्याची काही वर्षे आपल्या अमरावतीत गेली.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. त्यांचे वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. हा समाज जातिभेद मानत नसे आणि मुलींच्या शिक्षणाचा पुरस्कार करीत असे. ज्या काळी मुली फारशा शाळेतही जात नसत, त्या काळी, १९१४ साली, ताराबाई बी. ए. झाल्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या वऱ्हाडात आल्या. परंतु हा संसार फार दिवस टिकला नाही. पदरी लहान मुलगी होती. ताराबाई खचल्या नाहीत. त्यांनी राजकोटला शिक्षिका तयार करणाऱ्या कॉलेजात प्राचार्यपदाची नोकरी धरली.

त्याच सुमारास भावनगरमध्ये गिजुभाई बधेका यांनी एक बालमंदिर सुरू केले होते. तिथे छडी नव्हती आणि घोकंपट्टीही नव्हती. मुले खेळता खेळता शिकत. मुलांवरील प्रेमामुळे लोक गिजुभाईंना मिशीवाली आई म्हणत. ताराबाई राजकोटची नोकरी सोडून त्यांच्याबरोबर काम करू लागल्या. गिजुभाईंनी खेड्यापाड्यांतल्या लोककथा मुलांसाठी सोप्या भाषेत लिहून काढल्या. गोष्ट सांगणे हा तिथे शिक्षणाचाच भाग होता. ताराबाईंची मातृभाषा मराठी, पण इथले सारे काम गुजरातीत चाले. त्यांनी ती भाषा आपलीशी केली. १९२६ साली या दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. शिक्षणपत्रिका हे मासिक त्यांनी गुजरातीबरोबर मराठीतही चालवले. १९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केला.

शिशुविहार नावारूपाला आला. पण तिथे येणारी मुले बहुतेक सुखवस्तू घरांतली होती. मग खेड्यातल्या गरीब मुलांचे काय? हा प्रश्न ताराबाईंना गप्प बसू देईना. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या समुद्रकाठच्या बोर्डी या गावी गेल्या. तिथे अनुताई वाघ ही तरुण शिक्षिका त्यांना येऊन मिळाली. हा त्या वेळचा ठाणे जिल्हा. आसपासच्या पाड्यांवर वारली आदिवासी राहत. त्यांना जमीनदारांकडे वेठबिगार करावी लागे. त्याच वर्षी वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा सुरू केला होता.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण दलित आणि आदिवासी वस्तीतली मुले तिकडे फिरकेनात. आईबाप पहाटेच कामाला जात. मोठी मुले गुरे राखत, नाहीतर धाकट्या भावंडांना सांभाळत. शिवाय, गावातल्या इतर मुलांबरोबर बसण्याचा धीरही त्यांना होत नसे. तेव्हा ताराबाईंनी ठरवले, की मूल शाळेत येत नसेल तर शाळेनेच मुलाकडे जावे. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. त्या मुलांना आंघोळ घालत, त्यांचे केस विंचरत आणि तिथेच अंगणात गाणी व गोष्टी सुरू करत. हीच अंगणवाडी होय.

आता दुसरी अडचण पुढे आली. मॉन्टेसरी पद्धतीची लाकडी साधने महाग होती. पुस्तकेही शहरातल्या मुलांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली. त्यांतले घर वेगळे, खेळ वेगळे, भाषाही वेगळी. ज्या पुस्तकात आपले घर दिसत नाही, ते पुस्तक लहान मुलाला परके वाटते. आपण इथले नव्हेच, असे त्याच्या मनाने घेतले की मग ते शाळेलाच भिते. म्हणून ताराबाईंनी आणि अनुताईंनी मुलांच्या भोवतीच्याच वस्तू शिकवायला घेतल्या. शंखशिंपले, खडे, बिया आणि पाने यांवरून मुले मोजायला शिकली. ओळखीचे प्राणी, झाडे आणि सण गोष्टींत व गाण्यांत आले.

१९५७ साली हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र होती. त्यामुळे धाकट्याला पाळणाघरात ठेवून थोरल्या बहिणीला वर्गात बसता येई. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षक कुरणात जात. तिला कुरणशाळा म्हणत.

हा प्रश्न केवळ वारली मुलांचा नाही. आपल्याच अमरावती जिल्ह्यात मेळघाट आहे. तिथली कोरकू मुले घरी कोरकू बोलतात. ही भाषा मराठीहून अगदी निराळ्या कुळातली आहे. शाळेच्या पहिल्याच दिवशी सगळे पुस्तक परक्या भाषेत असले, तर त्या मुलाला काय वाटेल? तुम्ही उर्दूत शिकता आणि या तासाला मराठी वाचता. म्हणून त्याची अडचण तुम्हाला चटकन कळेल. चांगल्या बालपुस्तकात मुलाला आपले घर दिसावे आणि शेजाऱ्याचेही दिसावे. कोरकू मुलाने अकोल्याच्या मोहल्ल्यातली ईद वाचावी आणि मोहल्ल्यातल्या मुलाने मेळघाटातली होळी वाचावी. लहानपणी ज्याची गोष्ट ऐकली, तो मोठेपणी परका वाटत नाही.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरवले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, सरकारने बालकांसाठी देशव्यापी योजना सुरू केली. तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. कोसबाडचे काम अनुताईंनी १९९२ साली आपल्या मृत्यूपर्यंत चालवले.

वऱ्हाडातून एकट्या निघालेल्या या बाईंनी फुलवलेले अंगण आज देशभर पसरले आहे. तुमच्या गल्लीतल्या अंगणवाडीत एखादे मूल दाराशीच घुटमळताना दिसले, तर त्याच्याजवळ बसा आणि त्याला त्याच्या घरच्या बोलीत एक गोष्ट सांगा. ताराबाईंच्या कामाला तुमचाही हातभार लागेल.