ताडामाडांचे फादर : एथेलबर्ट ब्लॅटर

स्मरणिका समितीने मला बँकेतले अनुभव लिहायला सांगितले होते. पण ते अनुभव मी गेली पंचवीस वर्षे गणपतीत, कोजागिरीला आणि जिन्यात भेटेल त्याला सांगत आलो आहे. तुम्हा सगळ्यांना ते पाठ आहेत. म्हणून या वेळी दुसऱ्याच एका माणसाची गोष्ट सांगतो. निमित्त आहे आपल्या पंपहाऊसजवळच्या शिंदीचं.

आपण इथे राहायला आलो तेव्हा प्लॉटवर काळी माती, बाभळी आणि ही एक शिंदी, एवढंच होतं. बाभळी गेल्या, शिंदी राहिली. पुढे आमच्या फौजीभाऊंनी गेटच्या दोन्ही अंगांना लोक ज्याला बॉटल पाम म्हणतात ती झाडं लावली. पहिल्या उन्हाळ्यात रोपं जगवायला एक बादली त्यांची आणि एक माझी. तेवढ्यावर आमची जी ओळख झाली ती त्यांच्या शेवटच्या दिवसापर्यंत टिकली. नाही तर छावणीतला माणूस आणि लेजर लिहिणारा माणूस, आमचा एकमेकांशी संबंध काय? त्यांच्याबरोबर बसून झाडांची पुस्तकं चाळतानाच फादर ब्लॅटर हे नाव मला पहिल्यांदा भेटलं.

एथेलबर्ट ब्लॅटर यांचा जन्म १५ डिसेंबर १८७७ चा, स्वित्झर्लंडमधल्या आपेनझेल या डोंगराळ भागातला. जर्मन भाषेत ब्लाट म्हणजे पान. म्हणजे आडनावातच वनस्पतिशास्त्र घेऊन आलेला माणूस! तरुणपणी ते जेझुइट धर्मसंघात गेले. आता इथे एक अडचण होती. स्वित्झर्लंडच्या राज्यघटनेने १८४८ पासून या संघाला बंदी घातली होती आणि ती उठली थेट १९७३ मध्ये. म्हणजे ज्या मार्गाने जायचं ठरवलं, त्या मार्गाला स्वतःच्याच देशात जागा नाही. अशा माणसाला परक्या मुलखातच घर करावं लागतं.

१९०३ साली ते मुंबईला आले आणि सेंट झेवियर्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. तीन वर्षांत, १९०६ मध्ये, त्यांनी कॉलेजात वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह सुरू केला. फुलापानांसकट डहाळी कागदात दाबून वाळवायची, कुठे आणि केव्हा मिळाली ते लिहायचं आणि फाइल करून ठेवायची. बँकेच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक झाडाचं नमुना-सहीचं कार्ड. पुढे कुणी शंका काढली की कार्ड काढून सही पडताळायची.

त्या काळी मुंबईत निसर्गाची आवड असलेल्यांचं एकच ठिकाण होतं, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. १८८३ मध्ये आठ जणांनी ती स्थापन केली, त्यात दोघे आपले होते : प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. या संस्थेचा संसार मांडला होता तो फोर्टमधल्या अपोलो स्ट्रीटवर, फिप्सन नावाच्या साहेबांच्या दारूच्या पेढीत! पेढीतच मेलेले पक्षी, साप, फुलपाखरं आणि एक जिवंत धनेशसुद्धा. हाच धनेश पुढे संस्थेच्या चिन्हावर बसला. पेढीत फिप्सनसाहेबांच्या हाताखाली होते वॉल्टर सॅम्युअल मिलार्ड. धंदा दारूचा आणि वेड बागेचं. फुलणाऱ्या झाडांचा त्यांना भारी सोस, ब्रह्मदेशाकडचा गुलाबी फुलांचा बहावा मुंबईत आणण्याचं श्रेयही त्यांनाच देतात. संस्थेचे मानद चिटणीस आणि नियतकालिकाचे संपादकही तेच.

आता बघा, एक पांढऱ्या झग्यातला पाद्री आणि एक दारूचा व्यापारी. एरवी या दोघांनी एकमेकांना वाटेत नमस्कार केला असता तरी पुष्कळ होतं. पण झाडांनी त्यांना एका टेबलाशी बसवलं. ब्लॅटर यांची भारत आणि सिलोनमधल्या ताडवर्गीय झाडांवरची लेखमाला याच नियतकालिकातून १९१० च्या सुमारास छापून येऊ लागली आणि वर्षानुवर्षे हप्त्याहप्त्याने चालली.

ताडामाडांचाच अभ्यास का अवघड, ते थोडं सांगायला हवं. आंब्याची डहाळी खिशात मावते. ताडाचं एक पान माणसापेक्षा मोठं, ते कागदात दाबणार कसं? फुलोरा शेंड्याला, म्हणजे वर चढणारा माणूस हवा. ताड आणि शिंदी यांत नर झाड वेगळं, मादी वेगळं, म्हणजे एक झाड पाहून भागत नाही. भेर्ली माडाचा फुलोरा शेंड्याकडून खाली खाली येत जातो आणि सगळ्यात खालचा झाला की झाड वाळतं. आणि ज्याच्या पानांवर जुन्या पोथ्या लिहीत, तो श्रीताळ तीस-चाळीस वर्षे, कधी त्याहून जास्त, नुसता वाढत राहतो. मग आयुष्यात एकदाच डोक्यावर फुलांचा प्रचंड तुरा काढतो, फळं देतो आणि मरतो.

अशा झाडाचा अभ्यास एकट्याने होतच नाही. तुम्ही कितीही विद्वान असा, ज्या वर्षी झाड फुललं त्या वर्षी तुम्ही तिथे नसता. तिथे असतो तो माळी, बागेचा अधीक्षक, ज्याच्या कुंपणात ते झाड आहे असा कुणी गृहस्थ. तो कळवेल तेव्हा तुम्हाला कळणार. म्हणून ताडामाडांच्या मागे लागलेल्याला ओळखी जोडाव्याच लागतात. कोण, कुठला, कोणत्या धर्माचा हे विचारत बसलं तर श्रीताळ फुलून मरूनही जातो.

ही लेखमाला १९२६ मध्ये ग्रंथरूपाने आली. सहाशे पानांच्या आसपासचा जाडजूड ग्रंथ आणि भरपूर छायाचित्रं. त्याच्या मथळ्यातच त्यांनी स्पष्ट केलं होतं की यात इथली झाडं आहेत तशीच बाहेरून आणून लावलेलीही आहेत. आपली शिंदी आणि ताड एका बाजूला, परदेशातून येऊन बागांत रुजलेले पाम दुसऱ्या बाजूला, आणि सगळ्यांची नोंद एकाच वहीत. स्वतः बाहेरून येऊन रुजलेल्या माणसाला ही नोंद नक्कीच महत्त्वाची वाटली असणार, असं आपलं मला वाटतं.

मध्ये काही वर्षे ते धर्मशिक्षण पुरं करायला युरोपात होते. तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं. मुंबईचे जेझुइट फादर बहुतेक जर्मन. ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले, नजरकैदेत गेले आणि पुढे मायदेशी रवाना झाले. कॉलेजातल्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. ब्लॅटर स्विस, म्हणजे तटस्थ देशाचे, म्हणून त्यांना इथे काम करता आलं. ज्यांच्याबरोबर जेवायचं, प्रार्थना करायची ते सगळे एका झटक्यात गेलेले. एखादा माणूस खचला असता. त्यांनी नवी माणसं जोडली. हालबर्ग या सहकाऱ्याबरोबर जोधपूर-जैसलमेरच्या वाळवंटातल्या वनस्पतींवर काम केलं आणि ते १९१८ पासून छापून आलं. त्याच वाळवंटी झाडांच्या अंतर्रचनेचा अभ्यास केला आपल्या मराठी सबनीसांनी. फादरनी पुढे सिंधूच्या मुखाकडच्या वनस्पतींवर लेख लिहिले तेव्हाही सबनीसांचं नाव त्यांच्या बरोबरीने आहे. नेच्यांवरचं पुस्तक डी'आल्मेडांबरोबर, वझिरीस्तानच्या वनस्पती फर्नांडिस यांच्याबरोबर. साहेबाच्या राज्यात विद्यार्थ्याचं किंवा मदतनिसाचं नाव मुखपृष्ठावर आपल्या शेजारी छापणं ही साधी गोष्ट नव्हती. नोकरीत मी उलट पाहिलं आहे. टिपण कारकुनाचं आणि सही साहेबाची.

याच दिवसांत एक तरुण ब्रह्मदेशातला धंदा सोडून मुंबईत परत आला होता. घरच्यांना वाटलं, हिशेब शिकावा. म्हणून तो दावर्स कॉलेजात व्यापारी कायदा आणि जमाखर्च शिकू लागला. पण त्याचा जीव पाखरांत. लहानपणी, १९०८ मध्ये, पिवळ्या गळ्याची एक चिमणी ओळखून घ्यायला तो संस्थेत गेला होता, तेव्हा त्याला प्रेमाने आत नेऊन संग्रह दाखवणारे तेच मिलार्ड. आता त्याची खरी ओढ फादर ब्लॅटर यांच्या ध्यानात आली. त्यांनी त्याला प्राणिशास्त्र शिकायला राजी केलं. सकाळी जमाखर्च, मग झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र. हा तरुण म्हणजे डॉ. सालिम अली. शिकवणारा झाडांचा माणूस, शिकणारा पाखरांचा. मी स्वतः जमाखर्चाच्या बाजूचा माणूस, तरी म्हणतो, बरं झालं, त्याला कुणी बँकेत चिकटवलं नाही!

१९१९ ते १९२४ ब्लॅटर कॉलेजचे प्रिन्सिपॉल होते. पुढे त्यांचा मुक्काम पाचगणीकडे वाढला. डोंगर धुंडाळणाऱ्याला पाचगणीच्या पठारांसारखी दुसरी जागा नाही. तिथे आणि घाटांत त्यांच्याबरोबर असायचे चार्ल्स मॅक्कॅन. जन्म १८९९ चा, कॅसलरॉकचा, म्हणजे घाटातलाच. फादरपेक्षा बावीस वर्षांनी लहान. झाडं, बेडूक, पाली, वानरं, सगळ्यांत सारखाच रस. या जोडीने मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींच्या जुन्या याद्या तपासून दुरुस्त केल्या, कित्येक नव्या जाती नोंदवल्या. आजही काही वनस्पतींच्या शास्त्रीय नावापुढे ब्लॅटर आणि मॅक्कॅन अशी दोघांची नावं एकत्र लिहितात. सह्याद्रीच्या पठारावर पावसाळ्यात पांढऱ्या फुलांची जी दीपकाडी दिसते, तिच्यातल्या एका जातीचं नामकरण एकट्या ब्लॅटर यांचं.

१९३२ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने ब्रूल स्मृतिपदक दिलं. त्याचे पहिले मानकरी फादर ब्लॅटर. त्यानंतर दोनच वर्षांनी, १७ जून १९३४ रोजी, छप्पन्नाव्या वर्षी ते गेले. मायदेशी नव्हे, इथेच.

खरी गोष्ट इथून पुढे आहे. ते गेले तेव्हा टेबलावर अर्धी कामं पडली होती. मुंबई इलाख्यातल्या गवतांवरचा ग्रंथ १९३५ मध्ये निघाला, ब्लॅटर आणि मॅक्कॅन यांच्या नावाने. त्यातली चित्रं रा. कृ. भिड्यांची. या भिड्यांच्या नावाने गवताचा एक वंशच आज ओळखला जातो. अरबस्तानातल्या वनस्पतींच्या ग्रंथाचा शेवटचा भाग १९३६ मध्ये आला. आणि १९३७ मध्ये आलं भारतातल्या सुंदर वृक्षांवरचं पुस्तक, ब्लॅटर आणि मिलार्ड यांचं. मिलार्ड १९२० मध्येच विलायतेला परतले होते. समुद्र मध्ये, एक मित्र मातीत, तरी पुस्तकावर नावं दोघांची आणि पहिलं नाव गेलेल्याचं.

आमच्या बँकेत जॉइंट खातं उघडताना विचारतात, आयदर ऑर सर्व्हायव्हर ना? म्हणजे दोघांपैकी कुणीही, आणि एक गेला तर मागे राहिलेला खातं चालवील. मी असे शेकडो फॉर्म भरून घेतले, पण त्याचा अर्थ मला फादर ब्लॅटर यांच्या आयुष्यात कळला. पुढे झेवियर्सचा तो संग्रह फादर सांतापाव यांनी वाढवला. ते स्पेनचे, १९५४ मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे प्रमुख झाले. आज त्या संग्रहात लाखाहून जास्त नमुने आहेत आणि नाव आहे ब्लॅटर हर्बेरियम. ज्या पाद्र्याला मूलबाळ नाही, त्याचे वारस किती झाले ते मोजा.

आपल्या विदर्भापुरतं एक सांगतो. फादर गेले त्याच वर्षी, डिसेंबरात, वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याच्या कामांत ताडगुळाचंही काम होतं. ताड-शिंदीच्या रसाचा गूळ करावा, नुसती ताडी नव्हे. म्हणजे जे झाड आपण नाल्याकाठचं म्हणून दुर्लक्षितो, त्याला एकाने ग्रंथात जागा दिली आणि दुसऱ्याने चुलीवर.

आता मूळ निमित्ताकडे. येत्या सर्वसाधारण सभेत पार्किंगसाठी शिंदी काढण्याचा विषय आहे. गाड्या वाढल्या आहेत, अडचण खरी आहे, हे मी नाकारत नाही. फक्त एवढं लक्षात असू द्या, की कडुनिंब तोडला तर तो फुटतो, शिंदीला वाढीचा कोंब एकच असतो, शेंड्याला. तो गेला की झाड गेलं, पुन्हा फूट नाही. माझं मत शिंदीच्या बाजूने पडेल. फौजीभाऊंचंही तिकडेच पडलं असतं. आमच्या खात्यात मागे राहिलेला आता मी आहे, म्हणून त्यांच्या वतीनेही लिहिलं.

गेल्या पंचवीस वर्षांत या आवारात कोण कुठून आलं, काही ठरवून नाही. कुणी बदलीवर, कुणी निवृत्त होऊन, कुणी गावचं शेत विकून. इथली झाडं आणि आणून लावलेली झाडं, एकाच आवारात. रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना मनापासून शुभेच्छा. आणि बादली रिकामी असेल तर उन्हाळ्यात संध्याकाळी गेटजवळ या, मी तिथेच असतो.