सोड्याचे पाणी करणारे जोसेफ प्रीस्टले

जोसेफ प्रीस्टले हे थोर शास्त्रज्ञ होते. त्यांचा जन्म १३ मार्च १७३३ रोजी इंग्लंडमध्ये लीड्स शहराजवळ झाला. त्यांचे वडील कापडाचे काम करीत. जोसेफ सहा वर्षांचे असताना आई वारली. पुढे आत्याने त्यांना वाढवले. ते बोलताना अडखळायचे, तरी ते शिक्षक आणि धर्मोपदेशक झाले.

१७६७ साली ते लीड्सला राहायला गेले. घराच्या बाजूलाच बीअरचा कारखाना होता. तिथे मोठमोठ्या पिंपांत जव आंबत घालायचे. त्यातून निघणारा वायू पिंपाच्या तोंडाशीच साचून राहायचा, कारण तो हवेपेक्षा जड असतो. प्रीस्टले यांनी त्यात पेटती मेणबत्ती धरली, तर ती विझली. दुसरा कोणी असता तर नाक दाबून घरी गेला असता. हे मात्र पुन्हा पुन्हा तिथे जायचे. त्यांनी दोन भांडी घेतली आणि त्या वायूत धरून एकातले पाणी दुसऱ्यात, दुसऱ्यातले पहिल्यात असे ओतत राहिले. वायू पाण्यात मिसळला. पाण्याला जराशी आंबट चव आली. तो वायू म्हणजे कार्बन डाय ऑक्साइड, आणि ते पाणी म्हणजेच सोडा!

त्या काळी जर्मनीतल्या पिरमाँट गावच्या झऱ्याचे पाणी लोक औषध म्हणून विकत घ्यायचे. त्या पाण्यात आपोआपच बुडबुडे असतात. प्रीस्टले यांनी खडू आणि आम्ल वापरून तसे पाणी स्वस्तात करायची रीत शोधली. १७७२ साली ती पुस्तिकेत छापली. जहाजावरच्या खलाशांच्या हिरड्यांतून रक्त यायचे, त्या रोगावर हे पाणी चालेल असे त्यांना वाटले. पण तो रोग सोड्याने नाही, लिंबू-संत्र्याने बरा होतो. म्हणजे लिंबू सोड्यात औषध लिंबातच आहे!

रीत सगळ्यांना सांगून टाकली म्हणून त्यांना सोड्यातून पैसा मिळाला नाही. १७८३ साली जिनिव्हात श्वेप नावाच्या माणसाने धंदा सुरू केला आणि तो लय मोठा झाला. मला हे बरं वाटलं नाही. आपल्या पुण्यातही १८८४ साली अर्देशिर इराणी यांनी सोड्याचा कारखाना काढला.

बाजारात मिळते ती गोटीची बाटली हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ साली काढली. आतला वायू गोटीला वर रेटतो आणि गोटी रबराच्या कड्याला घट्ट बसते, म्हणून बूच लागत नाही. साधा सोडा नुसताच पितात, नाहीतर त्यात लिंबू, साखर, काळे मीठ आणि जिरेपूड टाकतात. मीठ पडलं की सोडा भसकन वर येतो, म्हणून गिलास अर्धाच भरावा.

प्रीस्टले यांनी १ ऑगस्ट १७७४ रोजी मोठ्या भिंगाने पाऱ्याची लाल भुकटी तापवली. त्यातून निघालेल्या वायूत मेणबत्ती जास्तच जोरात जळाली. तो प्राणवायू होता. एवढे करूनही त्यांची मते लोकांना पटली नाहीत. फ्रान्समध्ये राजाविरुद्ध क्रांती झाली, तिची बाजू त्यांनी घेतली, आणि त्यांचे धर्माचे विचारही वेगळे होते. १७९१ साली बर्मिंगहॅममध्ये जमावाने त्यांचे घर जाळले. पुस्तके आणि प्रयोगाची भांडी बंदी गेली. ते जिवानिशी वाचले. १७९४ साली ते बायकोसह अमेरिकेला गेले आणि नॉर्थम्बरलँड गावी त्यांनी पुन्हा प्रयोगशाळा बांधली. तिथेच ६ फेब्रुवारी १८०४ रोजी ते वारले.