लोणच्याची बाटली आणि हजार वॅटचा दिवा

चेहऱ्यावर मुखवट्यासारखा बसवायचा, बटण दाबायचे, आतले लाल दिवे लागले की दहा-पंधरा मिनिटे डोळे मिटून पडायचे. सुरकुत्या कमी होतील, त्वचा घट्ट होईल, डाग जातील, असे खोक्यावर छापलेले असते. असा एलईडी मास्क आता नागपुरातही ब्युटी पार्लरपुरता राहिलेला नाही. ऑनलाइन मागवला की तो थेट घरच्या ड्रेसिंग टेबलवर येतो. सगळे अगदी नवे वाटते. पण घरी पडून अंगावर रंगीत उजेड घ्यायचा आणि बरे व्हायचे, हा धंदा शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत जोरात चालला होता आणि तो उभा करणारा माणूस मुंबईचा होता. दिनशाह पेस्तनजी घडियाली हे त्यांचे नाव.

28 नोव्हेंबर 1873 रोजी मुंबईतल्या एका पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घड्याळ तर आडनावातच होते. मुलगा विलक्षण हुशार. त्यांनी स्वतःच सांगितलेल्या हकिगतीनुसार वयाच्या अकराव्या वर्षी ते विल्सन कॉलेजात गणित आणि विज्ञान शिकवायला मदत करत होते. या हकिगतींत किती भर पडली असेल, हे वाचकाने ठरवावे. आपल्याविषयी सांगताना हात आखडता घेणाऱ्यांपैकी ते नव्हते. वीज, तार, टेलिफोन ही त्या काळची नवलाई होती आणि त्यात त्यांचा हात चांगला बसला होता, एवढे मात्र खरे. विजेबरोबर त्यांना औषधोपचाराचेही वेड लागले. अमेरिकेच्या एडविन बॅबिट यांनी प्रकाश आणि रंग यांच्यावर 1878 मध्ये लिहिलेला जाडजूड ग्रंथ त्यांनी वाचला आणि रंगांनी रोग बरे होतात ही कल्पना डोक्यात पक्की बसली.

ती कसाला लागली 1897 मध्ये, अजमेरला. परिचयातली एक तरुणी आतड्याच्या विकाराने अगदी शेवटच्या टोकाला गेली होती. दिवसाला शंभरेक वेळा शौचाला होत असे, औषधे लागू पडत नव्हती. घडियालींनी जांभळट निळ्या काचेची एक लोणच्याची बाटली मिळवली, कंदिलाचा उजेड तिच्यातून गाळून मुलीच्या अंगावर पाडला. त्याच रंगाच्या बाटलीत दूध भरून उन्हात ठेवले आणि ते तिला प्यायला दिले. दुसऱ्या दिवशी शौचाचे प्रमाण दहावर आले. तिसऱ्या दिवशी ती अंथरुणातून उठली.

पुढच्या सत्तर वर्षांचे आयुष्य या तीन दिवसांवर उभे राहिले, म्हणून या प्रसंगापाशी जरा थांबायला हवे. हगवणीसारखे आजार पुष्कळदा आपल्या वेळेने ओसरतात. मुलीच्या पोटात दूध जात होते, म्हणजे पाणी, क्षार आणि थोडी ताकदही जात होती. उजेड पडला नसता तर काय झाले असते, हे सांगणारी दुसरी मुलगी शेजारच्या खाटेवर नव्हती. मुलगी वाचली ही आनंदाची गोष्ट, पण कशाने वाचली ते त्या खोलीत कुणालाच कळण्यासारखे नव्हते. घडियालींना मात्र ते कळल्यासारखे वाटले.

साधारण त्याच सुमारास कोपनहेगनमध्ये नील्स फिन्सन हा तरुण, स्वतः आजारी असलेला डॉक्टर उजेडाच्याच मागे लागला होता. त्याची आधीची एक कल्पना थेट लाल उजेडाची होती. देवीच्या रोग्यांना लाल पडद्यांच्या खोलीत ठेवले तर चेहऱ्यावर व्रण कमी राहतील, असे त्याने 1893 मध्ये मांडले. ती कल्पना पुढे टिकली नाही. त्वचेच्या क्षयावरचा त्याचा उपचार मात्र टिकला. कार्बनच्या दिव्यातून निघणारा तीव्र प्रकाश एकवटून तो फोडांवर सोडायचा, रोग्यांची नोंद ठेवायचा, किती सुधारले आणि किती नाही ते मोजायचा. 1903 चे वैद्यकाचे नोबेल त्याला मिळाले. उजेडाचा त्वचेवर परिणाम होतो हे मग निर्विवाद झाले. घडियालींसारख्यांना त्याचाही आधार मिळाला. उजेड एका आजारावर चालतो ना, मग सगळ्यांवर चालेल, असा तो हिशेब होता.

1911 मध्ये ते अमेरिकेला गेले आणि 1917 मध्ये तिथले नागरिक झाले. न्यूयॉर्क पोलिसांच्या राखीव हवाई तुकडीतही त्यांनी काम केले. 1920 मध्ये त्यांचे यंत्र तयार झाले. त्याचे नाव स्पेक्ट्रो-क्रोम. पेटीत हजार वॅटचा दिवा, दिवा तापू नये म्हणून पाण्याची टाकी आणि पुढे रंगीत काचांच्या पाच पट्ट्या. पट्ट्या एकमेकींवर सरकवल्या की बारा रंग मिळत. अमावास्या-पौर्णिमेच्या हिशेबाने वेळ ठरवायची, अंधाऱ्या खोलीत उत्तरेकडे डोके करून उघड्या अंगाने पडायचे आणि दुखणे असेल त्या भागावर नेमलेला रंग घ्यायचा. मांसाहार, दारू, चहा, कॉफी बंद.

यामागची उपपत्ती ऐकायला शास्त्रीय वाटे. प्रत्येक मूलद्रव्य तापवले की ठरावीक रंगाचा प्रकाश देते, हे प्रयोगशाळेत सिद्ध झालेले आहे. शरीर तर ऑक्सिजन, हायड्रोजन, नायट्रोजन, कार्बन यांचेच बनलेले. म्हणून घडियालींनी हायड्रोजनला लाल, ऑक्सिजनला निळा, नायट्रोजनला हिरवा, कार्बनला पिवळा रंग वाटून दिला. ज्याची कमतरता, त्याचा रंग द्यायचा. चूक इतकीच की हे रंग अणू ज्वालेत किंवा विजेच्या ठिणगीत सापडल्यावर दिसतात. 37 अंश सेल्सिअसच्या शरीरात, एकमेकांशी बांधले गेलेले अणू तसे काही करत नाहीत. शिवाय रंगीत काच उजेडात काही घालत नाही, त्यातले काढून घेते. लाल काचेमागचा दिवा म्हणजे बाकीचे रंग वजा केलेला साधा दिवाच.

पण लोकांना शास्त्र कुठे तपासायचे असते? डॉक्टरांचे उपचार तेव्हा महाग होते, पुष्कळदा त्रासाचे होते आणि अनेक आजारांवर त्यांच्याकडेही काही नव्हते. इथे घरच्या घरी, वेदना न होता, मधुमेहापासून क्षयापर्यंत सगळ्यावर उपाय मिळत होता. अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकाने 1924 मध्येच या यंत्राचा समाचार घेतला. त्याने फारसा फरक पडला नाही.

मधल्या काळात घडियालींचे आयुष्य कोर्टकचेऱ्यांतच गेले. 1925 मध्ये एका तरुण सहकारी स्त्रीसंबंधीच्या गुन्ह्यात त्यांना शिक्षा झाली आणि ते अटलांटाच्या तुरुंगात गेले. पुढे, आशियाई माणूस गोरा ठरत नाही, तेव्हा नागरिकत्व रद्द करा, असा खटला सरकारने त्यांच्यावर भरला. तो ते जिंकले. या एका बाबतीत त्यांच्यावर अन्याय होत होता यात शंका नाही. त्यामुळे पुढे प्रत्येक आक्षेप त्यांना छळच वाटू लागला असेल, तर तेही समजण्यासारखे आहे.

1931 मध्ये बफेलो शहरात यंत्र विकून फसवणूक केल्याचा खटला चालला. त्यांच्या बाजूने साक्ष द्यायला डॉक्टर उभे राहिले, त्यांत फिलाडेल्फियाच्या स्त्री रुग्णालयातल्या ज्येष्ठ शल्यचिकित्सक केट बाल्डविन होत्या. भाजलेल्या रुग्णांना रंगीत उजेडाने फायदा झालेला आपण पाहिला, असे त्यांचे म्हणणे होते. ज्यूरीने घडियालींना निर्दोष सोडले. बाल्डविन खोटे बोलत होत्या असे मानायचे कारण नाही. त्यांनी जे पाहिले ते पाहिलेच होते. भाजलेली त्वचा भरून येताना त्यांनी पाहिली. उजेडावाचून ती किती दिवसांत भरली असती, याचा ताळा मात्र नव्हता.

1938 मध्ये अमेरिकेत औषधांचा नवा कायदा आला आणि उपचाराची उपकरणेही त्याखाली आली. न्यू जर्सीतल्या मलागा गावी घडियालींची संस्था होती, तिथून हजारो लोकांनी सभासद होऊन 90 डॉलरला यंत्र नेले होते. जानेवारी 1945 मध्ये संस्थेच्या इमारतीला आग लागली आणि कागदपत्रे जळाली. पुढच्या वर्षी कॅम्डेन शहरात खटला उभा राहिला. घडियालींच्या बाजूने शंभराहून जास्त समाधानी ग्राहक साक्षीला आले. सरकारी वकिलांनी वेगळी वाट धरली. संस्थेच्या जाहिरातीत बरे झाले म्हणून ज्यांची उदाहरणे दिली होती, त्यांचे पुढे काय झाले ते त्यांनी शोधून काढले. त्यात मधुमेहाचा एक रुग्ण होता. उजेडावर विश्वास ठेवून त्याने इन्शुलिन सोडले आणि तो काही आठवड्यांत गेला.

जाहिरातीत तो नव्हताच असे नाही. तो बरा झाल्याचे त्यात लिहिले होते. मेलेला माणूस समाधानी ग्राहकांच्या रांगेत उभा राहत नाही, आणि नाराज माणूस पत्र लिहायच्या भानगडीत पडत नाही. दिनशाह घडियालींकडे आयुष्यभर पत्रे येत राहिली ती बरे वाटलेल्यांची. तेवढीच त्यांनी मोजली. ते लबाड होते की भाबडे, यावर आजही वाद घालता येईल. अजमेरच्या त्या मुलीवर त्यांचा स्वतःचा विश्वास मनापासून बसला होता असेच दिसते.

7 जानेवारी 1947 रोजी ज्यूरीने त्यांना 12 आरोपांत दोषी ठरवले. एकूण 20 हजार डॉलर दंड झाला. तुरुंगवास तहकूब ठेवून पाच वर्षे देखरेखीखाली राहायचे ठरले. तेव्हा ते 73 वर्षांचे होते. मुदत संपताच त्यांनी वेगळ्या नावाने संस्था काढली. 1958 मध्ये न्यायालयाने यंत्र विकायला कायमची मनाई केली. 1966 मध्ये, 92 व्या वर्षी ते वारले.

पुढच्याच वर्षी बुडापेस्टमध्ये एक छोटा प्रयोग झाला. एंड्रे मेस्टर हे शल्यचिकित्सक लेझरने उंदरांमधल्या गाठी नष्ट होतात का, किंवा लेझरनेच कर्करोग होतो का, ते पाहत होते. त्यांचा लेझर लाल रंगाचा आणि फारच कमी ताकदीचा होता. गाठींना काही झाले नाही. पण केस काढलेल्या जागी, लेझर दिलेल्या उंदरांचे केस न दिलेल्यांपेक्षा लवकर उगवले. न दिलेले उंदीर पिंजऱ्यात होते, म्हणूनच हे लक्षात आले. आजच्या लाल दिव्यांच्या मास्कचे मूळ या उंदरांपाशी आहे.

तेव्हापासूनचे काम घडियालींच्या बारा रंगांपेक्षा बरेच आटोपशीर आहे. साधारण 630 ते 660 नॅनोमीटरचा लाल आणि 830 ते 850 नॅनोमीटरचा डोळ्यांना जवळपास न दिसणारा अवरक्त प्रकाश त्वचेत काही मिलिमीटर उतरतो आणि पेशींच्या ऊर्जाकेंद्रांवर, म्हणजे मायटोकॉन्ड्रियावर, त्याचा परिणाम होत असावा, असा अंदाज आहे. जर्मनीत 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 136 जणांचा समावेश होता. काहींना उजेड दिला, काहींना दिला नाही. उजेड घेतलेल्यांची त्वचा थोडी मऊ झाली, बारीक सुरकुत्या कमी झाल्या, कोलॅजनची घनता वाढलेली दिसली. फरक आहे, पण तो बेताचा आहे, आणि आठवड्यातून दोन-तीनदा कित्येक आठवडे घेतल्यावरचा आहे. कमी मात्रेला परिणाम नाही आणि जास्त मात्रेला उलटा, असेही आढळते. म्हणून तरंगलांबी किती, चेहऱ्यापाशी ताकद किती, हे खोक्यावर छापलेले नसेल तर त्या मास्कबद्दल काहीच सांगता येत नाही. तो लाल दिसतो, इतकेच.

या चाचण्या बहुतांशी गोऱ्या त्वचेवर झाल्या आहेत. अमेरिकेत लाल एलईडीच्या सुरक्षिततेची तपासणी झाली, तेव्हा सावळ्या आणि काळ्या त्वचेला गोऱ्या त्वचेपेक्षा कमी मात्रा सोसली. नागपूरच्या उन्हात दुचाकीवर फिरून गालांवर वांग आलेल्यांनी हे ध्यानात घ्यायला हवे, कारण उष्णतेने वांग वाढू शकतो आणि काही यंत्रे चेहरा चांगलाच तापवतात. मास्क लावताना डोळे झाकणे, उजेडाने वाढणारा आजार किंवा तसे औषध चालू असल्यास आधी विचारून घेणे, हेही त्यातच आले.

आणि चट्टा कशाचा आहे ते माहीत नसेल तर दिवा लावूच नये. विदर्भात अजून कुष्ठरोगाचे नवे रुग्ण सापडतात. फिकट किंवा लालसर, स्पर्श न कळणारा चट्टा लाल उजेडाने बरा होत नाही, फक्त महिने वाया जातात आणि तेवढ्यात नसा कायमच्या निकामी होऊ शकतात. त्याच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने घ्याव्या लागतात. तपासणी मेडिकल किंवा मेयोच्या त्वचारोग विभागात होते.