गायिका व नटी एथेल वॉटर्स

अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया संस्थानात चेस्टर नावाचे गाव आहे. तेथे ३१ ऑक्टोबर १८९६ रोजी एका दरिद्री कृष्णवर्णीय कुटुंबात एथेल वॉटर्स हिचा जन्म झाला. आई स्वतःच कोवळ्या वयाची पोर असून तिच्यावर झालेल्या जुलमातून हे मूल जन्मास आले होते. त्यामुळे मायलेकींची माया कधी नीट जुळली नाही. आजी सॅली अँडरसन हिने नातीस वाढविले खरे, परंतु ती गोऱ्यांच्या घरी मोलकरीण. बहुतेक वेळ तिकडेच जाई. पोर चेस्टर व फिलाडेल्फियाच्या गल्ल्यांतून वाढली, आणि पोटात भूक असली म्हणजे दुकानातील जिन्नस उचलावयासही शिकली. काही काळ ती कॅथोलिक शाळेत गेली. तेथील धर्मभगिनींचा जिव्हाळा ती विसरली नाही.

तेराव्या वर्षी तिचे लग्न झाले. नवरा मारहाण करी. वर्षभरातच ते मोडले. पुढे ती फिलाडेल्फियातील एका हॉटेलात खोल्या झाडण्याचे व कपडे धुण्याचे काम करू लागली. पगार आठवड्यास पावणेपाच डॉलर. खोली आवरून झाली की दार लावून घ्यावे आणि आरशासमोर नटीचा आविर्भाव आणून गावे, हा तिचा विरंगुळा. आमच्या वाचकांतील मुलींना ह्याचे फारसे नवल वाटणार नाही!

सतराव्या वाढदिवशी एका मेळाव्यात तिला गाण्याचा आग्रह झाला, आणि त्यातून बॉल्टिमोरच्या लिंकन थिएटरात आठवड्यास दहा डॉलरची नोकरी मिळाली. अंगाने ती इतकी सडसडीत की प्रेक्षकांनी तिला घेवड्याच्या शेंगेचे नाव देऊन टाकले.

ती गाई त्या गाण्यांस ब्लूज म्हणतात. गुलामगिरीत व तीनंतरच्या हलाखीत शेतांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यांतून हा प्रकार निपजला. बहुधा तीन ओळींचे कडवे असते: पहिली ओळ दुसऱ्यांदा तशीच येते, आणि तिसरी तिला उत्तर देते. दुःख एकदा सांगून भागत नाही, म्हणूनच की काय! बेसी स्मिथसारख्या थोर गायिका हे गाणे खड्या, भरदार आवाजात गात. एथेलबाईंची रीत निराळी. आवाज मृदू, उच्चार स्वच्छ, एकेक शब्द श्रोत्याच्या कानी सरळ पोहोचणारा. १९२१ साली ब्लॅक स्वान ह्या कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या कंपनीने त्यांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या, आणि त्यांच्या खपाने त्या नवजात कंपनीस मोठा हातभार लागला.

१९३३ साली त्या न्यूयॉर्कमधील कॉटन क्लबात गात होत्या. तेथे गाणारे कृष्णवर्णीय आणि ऐकणारे मात्र गोरे, अशी व्यवस्था होती. त्यांचे गाणे ऐकून संगीतकार अर्व्हिंग बर्लिन ह्यांनी त्यांस आपल्या ‘अ‍ॅज थाउजंड्स चिअर’ ह्या नाट्यप्रयोगात घेतले. बाकी प्रमुख नटमंडळी गोरी. हा प्रयोग वर्तमानपत्राच्या धर्तीवर रचला होता. प्रत्येक प्रवेशास एक मथळा. त्यांतील एक मथळा असा होता की, एका कृष्णवर्णीयास संतप्त जमावाने ठार मारले आहे. अशा हत्या त्या देशाच्या दक्षिण भागात वारंवार घडत. न्यायालय नाही, चौकशी नाही, माणूस झाडास टांगला की झाले. पडद्याआडून बाई येत. रात्रीच्या जेवणाची वेळ आहे, पाने मांडावयाची आहेत, आणि बाप आता घरी येणार नाही हे मुलांस कसे सांगावे, ह्या विचारात ती विधवा गाते. हसावयास आलेल्या प्रेक्षकांपुढे हे गाणे नको, असे काहींचे मत पडले. बर्लिन ह्यांनी ते काढू दिले नाही. आपल्या समाजाचा सारा शोकान्त इतिहास ह्या एका गाण्यात सामावला आहे, अशी बाईंची भावना होती. खेळाच्या शेवटी त्यांच्या बरोबरीने उभे राहून प्रेक्षकांस अभिवादन करण्यास गोऱ्या नटांनी नकार दिला. तेव्हा मग कोणीच अभिवादन करू नये, असे बर्लिन ह्यांनी बजावले व मंडळी नरमली, असे सांगतात.

१९३९ साली ‘माम्बाज डॉटर्स’ ह्या गंभीर नाटकात त्यांनी हेगर ह्या दुर्दैवी आईची भूमिका केली. ब्रॉडवेवरील गद्य नाटकात प्रमुख भूमिकेचा असा मान कृष्णवर्णीय स्त्रीस तोवर लाभला नव्हता. ही भूमिका करताना बाईंस हेगरमध्ये स्वतःची आई दिसे. जी माया लहानपणी मिळाली नाही तिचा अर्थ त्यांना रंगभूमीवर उमगला, असे मला वाटते.

स्वभाव मात्र सोपा नव्हता. संशय व संताप ही बालपणाची देणगी त्यांच्याबरोबर राहिली. ‘केबिन इन द स्काय’ (१९४३) ह्या चित्रपटाच्या वेळी त्यांनी इतकी भांडणे ओढवून घेतली की, पुढे सहा वर्षे त्यांना चित्रपटांत काम मिळाले नाही. १९४९ च्या ‘पिंकी’ चित्रपटातील आजीच्या भूमिकेने त्यांचे नाव ऑस्कर पारितोषिकाच्या यादीत गेले. १९५० साली ‘द मेंबर ऑफ द वेडिंग’ ह्या नाटकातील स्वयंपाकीणबाईची भूमिका त्यांनी प्रथम नाकारली, कारण त्या पात्रास देवाचा आधारच दिसेना. अखेर चिमणीवरही देवाची दृष्टी असते ह्या अर्थाचे आपले आवडते भक्तिगीत त्यात घालवून त्यांनी ती केली, आणि ती फार गाजली. त्याच गीताचे नाव त्यांनी १९५१ साली आपल्या आत्मचरित्रास दिले.

पुढे पैसा गेला, करांचे देणे अंगावर आले, शरीर अतोनात स्थूल झाले. १९५७ साली न्यूयॉर्कमध्ये बिली ग्रॅहम ह्यांच्या सभा चालू असता त्या श्रोत्यांत येऊन बसल्या, व लवकरच तेथील शेकडो गायकांच्या वृंदात सामील झाल्या. पुढे अनेक वर्षे त्या ह्या सभांतून गात राहिल्या. १ सप्टेंबर १९७७ रोजी कॅलिफोर्नियातील चॅट्सवर्थ येथे त्यांचे निधन झाले. १९९४ साली अमेरिकेच्या डाक खात्याने त्यांच्या चित्राचे तिकीट काढले.