जगत्सेठ फतेहचंद : नाण्याहून थोर पत

रुपयांच्या थैल्या चार कोस न्यावयाच्या म्हटले तरी ज्या काळी हत्यारबंद पहारा लागे, त्या काळी बंगालच्या साऱ्याची रक्कम कागदाच्या एका तुकड्यावर दिल्लीस पोहोचविणारी पेढी मुर्शिदाबादेस नांदत होती. त्या पेढीचे धनी म्हणजे जगत्सेठ फतेहचंद.

या ओसवाल जैन घराण्याचे मूळ पुरुष हिरानंद साहू इ. स. १६५२ मध्ये मारवाडातील नागोर सोडून पाटण्यास आले. त्यांचे पुत्र माणिकचंद यांनी मुर्शिदाबादेस पेढी थाटली. १७१४ मध्ये ते निवर्तल्यावर त्यांचे भाचे व दत्तकपुत्र फतेहचंद गादीवर आले. मुहम्मदशहा बादशहाने त्यांना 'जगत्सेठ' हा किताब दिला. मुर्शिदाबादची टांकसाळही त्यांच्याच प्रभावाखाली होती.

परंतु त्यांचे खरे सामर्थ्य हुंडीत होते. येथे रक्कम भरावी, पेढीने परगावच्या गुमास्त्यावर हुंडी लिहावी व त्याने तिकडे पैसे चुकते करावेत, अशी ती रीत. दाखविताच पटे ती दर्शनी व ठराविक दिवसांनी पटे ती मुदती. पेढीस हुंडणावळ मिळे. हुंडी गहाळ झाल्यास पेठ व तीही गहाळ झाल्यास परपेठ लिहून देत. पैसे चुकते झाले की हुंडीचा खोका होई. वाटेत चोराच्या हाती कागद लागला, तरी धन्याचे धन बुडत नसे.

१७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजेतील स्वारांनी मीर हबीबसह मुर्शिदाबादेवर छापा घातला व जगत्सेठांची पेढी लुटली. लूट दोन कोटींची होती, असे सांगतात. आपल्याच लोकांचे हे कृत्य आपण झाकून ठेवू नये. तथापि इतिहासकार गुलाम हुसेन याच्या सांगण्याप्रमाणे, त्यानंतरही हे घराणे सरकारास एक कोटीची दर्शनी हुंडी देत असे. नाणे गेले, पत राहिली.

१७४४ मध्ये फतेहचंद वारले. त्यांचे नातू महताबराय व स्वरूपचंद यांनी १७५७ मध्ये सिराजउद्दौल्याविरुद्धच्या कटात भाग घेतला. १७६३ मध्ये नबाब मीर कासीमने त्या दोघांनाही ठार करविले. पुढे १७७२ मध्ये कंपनीने खजिना कलकत्त्यास हलविला आणि पेढीचा उरलासुरला आधार सुटला.

लुटारूंस जे साधले नाही, ते राजकारणाच्या मोहाने साधले. व्यापारउदीम करणाऱ्या आपल्या तरुणांनी या चरित्रातून एवढे अवश्य ध्यानी घ्यावे, की तिजोरी एका रात्रीत रिकामी होते व पुन्हा भरताही येते; परंतु दिलेल्या शब्दावर उभी राहिलेली पत पिढ्यांच्या सचोटीने मिळते आणि ती जपणे हेच पेढीचे खरे भांडवल होय.